आधी थंड बादली

छप्पन्न साल. पापडी गावी डॉक्टर नरहरींच्या सूतिकागृहात हरेश्वर वायरमन पाणी तापवायची तिसरी टाकी बसवत होता. आधीच्या दोन्हींच्या कॉइल जळाल्या होत्या. "ही जळली की लाकडाचा बंब परत," डॉक्टरांनी बजावलं होतं.

तो बंब पेटवायची हरेश्वरचीच बायको, जिजा. बारा वर्षं ओली सुरूची लाकडं फुंकून तिचा डावा डोळा गेल्यात जमा होता. उजवा तरी राखायचा, एवढंच हरेश्वरच्या डोक्यात उरलं होतं. बाकी हौस केव्हाच मेली होती.

कॉइल का जळते ते त्याला दुसरी जळल्यावर कळलं होतं. गरम बादली काढली की थंड बादली ओतायची, हा बंबाचा नियम घरोघरी तोंडपाठ. पण काढणारे वेगळे, ओतणारी वेगळी! जिजा विहिरीवर गेली की तिथंच मागे राहणारे डॉक्टरांच्या घरचे तोटी सोडून मोकळे. टाकी रिकामी, कॉइल खाक, शिव्या वायरमनला.

म्हणून या टाकीला खाली तोटीच नव्हती. नरसाळ्यात थंड पाणी ओतायचं. ते नळीने तळाशी जाऊन वरचं गरम पाणी बाहेर ढकलायचं. ओतल्याशिवाय थेंब नाही.

डॉक्टरांच्या आई, आनंदीबाई, बादली लावून उभ्या राहिल्या. "अरे, कुठंय पाणी?"

"आधी थंड बादली ओता, बाई."

"मी ओतू? मग वीज कशाला आणली रे मेल्या?"

"वीज पानी तापवते, बाई. विहिरीवर जात नाय ती."

"जिजे!" आनंदीबाई ओरडल्या.

जिजाने भरली बादली उचलून नरसाळ्यात ओतली. वाफाळतं पाणी भदाभदा आलं.

"झकास!" डॉक्टर म्हणाले. "टाकी राहू दे. जिजा, आता बंब बंद. तू इथंच उभं राहायचं, आंघोळी संपेपर्यंत."

"डॉक्टर, टाकी मुद्दाम बुटकी केलीय. कुनालापन ओतता येईल."

"बाळंतिणींनी ओतायचं?"

"बाळंतिणींनी नको. धडधाकट मानसांनी."

डॉक्टर आत गेले.

"कशाला तोंड लावता?" जिजा म्हणाली. "धूर गेला ना? मंग झालं."

हरेश्वरने पकड पिशवीत टाकली. अंग नुसतं आंबलं होतं.

"जिजे, अजून एक!" न्हाणीतून हाक आली.

जिजाने रिकाम्या बादलीला हात घातला. हरेश्वरने ती तिच्याकडून ओढून घेतली आणि तो विहिरीकडे निघाला.