पट्ट्याची खांदशेकणी

आमच्या घरातली गाडी मी चालवते. नवरा, दीपक, जालन्याच्या कारखान्यात असतो. पंधरा दिवसांनी घरी येतो आणि आला की झोपतो. त्यामुळे हवा भरणं, गाडी धुणं आणि ती बिघडली की सगळ्यांची बोलणी खाणं, ही तिन्ही कामं माझ्याकडे. मागच्या साली सासऱ्यांचे, म्हणजे भगवानरावांचे, गुडघे थकले म्हणून बैलजोडी विकली आणि त्याच महिन्यात ही पंधरा वर्षांची म्हातारी दारात आली. सासरे तिच्याकडे पाहतसुद्धा नसत.

दोन महिन्यांपासून ती सकाळी सुरू केली की किंचाळायची. खामगावच्या अन्वरभाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, फॅन बेल्टाले चिरा पडल्या, बदलून टाका." मी नवा बेल्ट विकतही घेतला आणि डिकीत टाकून दिला. पोळा झाला की पाहू, म्हटलं. लोकांना शिस्त शिकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. स्वतःच्या कामाला मात्र माझा उद्या कधी उजाडत नाही.

एकदा ते किंचाळणं ऐकून सासरे ओसरीवरून खाली उतरले. "हे काऊन कण्हून राह्यली?" गाडीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मला इतका आनंद झाला की बॉनेट उघडून मास्तरीण झाले. "मामाजी, हा पट्टा पाहा. पाण्याचा पंप, डायनॅमो, सगळं हाच फिरवते. सगळा भार याच्यावर." ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि मग आत गेले.

आता खरी गोष्ट. माझी नणंद पुष्पांजली नर्सिंग शिकलेली. अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात तिचं नाव वेटिंगवर होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला: एक जागा रिकामी झाली आहे, उद्या दोनच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हा, नाहीतर पुढच्या मुलीला बोलावतो. पोरगी उडीच मारणार होती, पण समोर बाप बसलेला. परक्या गावात पोरीनं रात्रपाळी करायची, हे सासऱ्यांना सहा महिन्यांपासून पटत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं, काठी उचलली आणि रिकाम्या गोठ्याकडे निघून गेले. हो नाही, की नाही नाही.

"बाबा काहीच बोलले नाही, वहिनी," पुष्पा रात्री बॅग भरताना म्हणाली. "त्यायनं हो म्हटलं असतं तं बरं वाटलं असतं."

"त्यायच्या हो ची वाट पाह्यशीन तं दुसरी पोट्टी कामाले लागंल," मी म्हणाले. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला होता आणि तो मी भांड्यांवर काढला.

सकाळी साडेनऊला निघालो. सासरे दिसले नाहीत. सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, दह्याची कवडी पुष्पाच्या हातावर ठेवली. मी चावी फिरवली आणि काय आश्चर्य, गाडी किंचाळली नाही! एकदम गुपचूप सुरू झाली. देव पावला म्हणत मी नांदुऱ्याच्या बाजूनं मोठ्या रस्त्याला लागले. रस्त्यात ठिकठिकाणी बैल धुवायला चालले होते, शिंगं रंगवणं चाललं होतं.

"वहिनी, कोणाच्या घरी तरी तूप कढवून राह्यले," पुष्पा नाक वर करून म्हणाली.

"पोळा आहे. घरोघरी पुरण असंल."

पुढच्या गावातही तोच वास. त्याच्या पुढे तर गावच नव्हतं, नुसती कपाशी होती, तरी वास होताच. तेवढ्यात समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. मग तापमानाचा काटा चढू लागला. थांबत, इंजिन गार करत, जीव मुठीत धरून आम्ही खामगावच्या वेशीवरचं अन्वरभाईंचं गॅरेज गाठलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.

अन्वरभाईंनी बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. मग पुन्हा पुढे होऊन त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळंधमक झालं.

"ताई, गाडीले फोडणी देल्ली काय?" त्यांनी बोटाचा वास घेतला. "हळद आहे. अन् तूप, तेही घरचं. तुपानं पट्टा घसरून राह्यला. मंग ना पंप फिरत, ना डायनॅमो." बॅटरीच्या खालून त्यांनी पळसाचं एक तुपकट पान ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

पळसाचं पान पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात. आमच्या घरात ते काम एकच माणूस करायचा. पोरगी जाऊ नये म्हणून बापानं गाडीच बिघडवली! मी तिथेच फोन लावला.

"मामाजी, पट्ट्याले तूप तुम्ही लावलं?"

"हाव. म्या लावलं." जराही आढेवेढे नाहीत.

"काऊन?"

"काल खांदशेकणी होती ना. बैल तं राह्यले नाही. तूच सांगतलं होतं, सगळा भार त्या पट्ट्यावर असते. कण्हून राह्यला होता बिचारा. पोरीले अकोल्यापावतर घेऊन जायचं, म्हटलं शेकून द्या त्याचा खांदा. बैलावानी जेवाचं आवतन बी देल्लं त्याले." मग आवाज जरा खाली आला. "काऊन, काही बिघडलं काय?"

मला तोंड लपवायला जागा हवी होती. घरातल्या बैलाला जे करतात ते त्या माणसानं लेकीच्या वाटेसाठी केलं होतं, आणि मी त्याला चोर ठरवून मोकळी झाले होते. शिवाय नवा बेल्ट दोन महिने डिकीत मीच झोपवला होता. "काही नाही बिघडलं, मामाजी," म्हटलं आणि फोन ठेवला. पुष्पाला सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"रडणं-हसणं मागून करा, पहिले तो बेल्ट द्या," अन्वरभाई ओरडले. इंजिन निवू दिलं. डायनॅमोचा बोल्ट ढिला करून त्यांनी जुना पट्टा उतरवला, पुल्या साबणाच्या पाण्यानं घासून कोरड्या केल्या आणि नवा चढवला. मग डायनॅमोला लोखंडी दांडीनं मागे रेटून बोल्ट आवळला. मधोमध अंगठ्यानं दाबून पाहिलं. पट्टा अर्धा इंच दबला. "असाच पाह्यजे. लई आवळला तं बेअरिंग जाईन, ढिला ठेवला तं घसरंन. नवा पट्टा ताणते, आठ दिवसांनी आणा, पुन्हा पाहून देतो. अन् भगवानभाऊले सांगा, याले काही लावू नका, हा उपाशीच बरा."

सव्वाबारा. बाळापूरपर्यंत मी फक्त काट्याकडे आणि रस्त्याकडे पाहत होते. अकोल्यात शिरलो तर पोळ्याच्या बाजाराची ही गर्दी! दवाखान्यासमोर गाडी उभी केली तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती.

पुष्पा फाईल घेऊन उतरली, गेटपर्यंत गेली आणि परत आली. "वहिनी, बाबाले फोन लाव."

"आता? वेड लागलं काय तुले?"

"लाव ना."

लावला. पहिल्याच घंटीला उचलला. फोन हातातच धरून बसले असावेत. स्पीकर सुरू होता.

"बाबा, मी आत चालली," पुष्पा म्हणाली.

"मंग फोनवर काय बोलत बसली वं?" सासरे कडाडले. "दोन वाजून राह्यले ना! पळ लवकर!"

पुष्पानं फोन माझ्या हातात कोंबला आणि जी सुटली, ती गेटवरच्या वॉचमनलाही थांबवता आली नाही. मी गाडीला टेकून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"जयमाला," पलीकडून आवाज आला. "गेली काय?"

"गेली, मामाजी."

"पळत गेली ना?"

"हाव. पळतच गेली."

"बरं झालं," ते म्हणाले. पण फोन काही त्यांनी ठेवला नाही.