एर्नाचा बर्फ

"एर्ना, मी काही आज पोचत नाही," फोनवर लॉर्न ओरडून बोलत होता. "हायवे बंद केलाय. पेट्रोल पंपावर अडकलोय. समोरचा ट्रकसुद्धा दिसत नाही."

"मग बर्फाचं कसं करायचं?"

"उद्याचे सामने पुढे ढकला म्हणून सांगतो आयोजकांना."

एर्ना क्लासेन सँडवर्थच्या स्टेडियमच्या मधोमध उभी होती. पायाखाली पाच लांब पट्ट्या आरशासारख्या गोठलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना लाल-निळी वर्तुळं होती, खेळाडूंच्या भाषेत ‘घर’. स्पर्धेचा बर्फ करायला नेमलेल्या लॉर्नने शनिवार-रविवारी खपून हे सगळं केलं होतं. बर्फ खरवडायच्या मोडलेल्या यंत्राचं पातं आणायला म्हणून सोमवारी तो शहरात गेला आणि मंगळवारी हिमवादळ आलं. बत्तीस संघ मात्र वादळाआधीच येऊन पोचले होते. सोळा पुरुषांचे, सोळा बायकांचे. बर्फावरून दगड घसरवत नेऊन घरात थांबवायचा खेळ म्हणजे कर्लिंग; त्यातले देशातले सगळे नावाजलेले खेळाडू गावातल्या दोन मोटेलांत आणि उरलेले लोकांच्या घरी उतरले होते. सँडवर्थमध्ये एवढी मोठी स्पर्धा कधी झाली नव्हती.

"ढकलायचे कशाला?" एर्ना म्हणाली. "मी करते."

"करा मग," लॉर्न म्हणाला.

एर्ना त्रेसष्ट वर्षांची. शाळेत साफसफाईचं काम करायची. गावातल्या दोन पट्ट्यांच्या जुन्या क्लबातला बर्फ मात्र एकतीस वर्षं तिच्याच हातचा. काम म्हटलं तर साधं. पाठीवर गरम पाण्याची टाकी घ्यायची, हातात झारी, आणि उलट्या पावली चालत बर्फावर थेंब शिंपडत जायचं. ते गोठून बारीक पुटकुळ्या होतात आणि त्यांच्यावरून वीस किलोचा दगड धावतो. थेंब मोठे पडले तर दगड अडखळतो, लहान पडले तर पुटकुळ्या लवकर झिजतात. हे सगळं मनगटात असतं, सांगून येत नाही.

बुधवारी सकाळी तिने पाचही पट्ट्या शिंपडल्या. दोन हजार माणसं येऊन बसली. सामने सुरू झाले आणि तासाभरात केव्हन स्ट्रँडने दगडापुढचा बर्फ घासायचा झाडू आपटला. पुरुषांतला तो सगळ्यात मोठा कप्तान. त्याचा दगड घरापासून दोन हात अलीकडे थांबला होता.

"कोणी केलाय हा बर्फ?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "हा बर्फ नाही, नांगरलेलं शेत आहे!"

लोक हसले. एर्ना कठड्याआड उभी होती. तिचे कान तापले. तरी तिने वाकून बर्फावर तळहात ठेवला. वर बारीक, पिठासारखं गोठलेलं दव जमलं होतं. क्लबात कधी असं होत नसे.

पहिली फेरी संपल्यावर बायकांच्या एका संघाची कप्तान, जोलीन मारचुक, बूट सोडत होती. एर्ना तिच्यापाशी गेली.

"खरं सांग पोरी. काय होतंय?"

जोलीनने वर बघितलं. "दगड सुरुवातीला छान पळतात. दुसऱ्या तासाला पायात चिखल असल्यासारखे थांबतात. तुमच्या थेंबांचं काही चुकत नाहीये, मावशी. वरून काहीतरी येतंय."

वरून! एर्ना मान वर करून छताकडे बघत राहिली. क्लबात वीस माणसं असायची, इथे दोन हजार. त्यांचे श्वास, ओले कोट, सारखी उघडणारी दारं. आणि कोपऱ्यातून येणारा कांद्याचा, लोण्याचा वास. तिने वासाच्या दिशेने बघितलं. उपाहारगृहात तिचा नवरा एब चार पातेल्यांत वरेनिके, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, उकळत होता. चारही पातेल्यांतून वाफेचे लोट निघत होते.

"एब, शेगडी बंद कर."

"अगं, वेडी का तू? तीनशे माणसं रांगेत आहेत."

"तुझी वाफ माझ्या बर्फावर बसतेय."

"तुझा बर्फ, माझी वाफ! चाळीस वर्षं संसार केला, वाफेवरून घटस्फोट घेणार का आता?"

"घेईन. पातेली बाहेर ने."

"बाहेर वादळ आहे!"

"मग झाकण लाव."

रांगेतली माणसं खो-खो हसत सुटली. एब पुटपुटत राहिला, पण चौघांनी पातेली उचललीच. बर्फातून समोरच्या चर्चच्या तळघरात वरेनिके शिजू लागले आणि तिथून डब्यांतून येऊ लागले. एर्नाने एकच दार उघडं ठेवलं आणि प्रेक्षकांचे हीटर बंद करायला लावले. टीव्हीचा माणूस धावत आला.

"बाई, लोक गारठतील. थेट प्रक्षेपण आहे."

"ही सँडवर्थची माणसं आहेत," एर्ना म्हणाली. "यांना कोट घालून बसायचं शिकवावं लागत नाही."

मग तिने दव खरवडून काढलं आणि पुन्हा टाकी पाठीवर घेतली. आता गारठ्यात थेंब चटकन, उंच गोठणार होते, म्हणून या वेळी झारीचं तोंड तिने बारीक छिद्रांचं लावलं. उलट्या पावली चालताना दोन हजार माणसं आपल्याकडे बघताहेत हे तिला ठाऊक होतं. कानटोप्या घालून, मांडीवर गोधड्या घेऊन माणसं चिडीचूप बसली होती. तिचा हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहिला.

संध्याकाळी स्ट्रँडचा पहिला दगड निघाला. पट्टीभर घसरत गेला, शेवटी हळूच वळला आणि घराच्या मधोमध जाऊन थांबला. स्ट्रँडने बर्फाकडे बघितलं, मग कठड्याकडे. त्यानंतर दोन दिवस बर्फाबद्दल कोणीच बोललं नाही. बर्फ करणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नसते.

शुक्रवारी दुपारी रस्ता मोकळा झाला आणि लॉर्न आला. तीन दिवसांची दाढी वाढलेली, हातात ते पातं. तो थेट तिसऱ्या पट्टीवर गेला, गुडघ्यावर बसला, हातमोजा काढून बर्फावरून बोटं फिरवली. एर्नाने टाकी पाठीवरून उतरवली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या. सांभाळली कशीबशी."

लॉर्नने टाकी हातात घेतली. पाणी किती आहे ते बघितलं. मग तिच्या मागे जाऊन पट्टे तिच्या खांद्यांवर चढवले आणि नीट आवळले.

"खरवडायचं मी बघतो," तो म्हणाला. "पाणी तुमचं. अंतिम सामन्यापर्यंत."

रविवारी बायकांच्या अंतिम सामन्यात जोलीनच्या हातात शेवटचा दगड होता आणि ती एका गुणाने मागे होती. तिने दगड सोडला. तिच्या संघातल्या दोघी झाडू घासत पुढे धावल्या. सगळं स्टेडियम उभं राहिलं. एर्नाने मात्र दगडाकडे बघितलंच नाही. ती बर्फाकडे बघत होती, त्या शेवटच्या पाच हातांकडे. दगड तिथे पोचला, वळला, समोरच्या दोन दगडांमधून सुईत दोरा जावा तसा गेला आणि प्रतिस्पर्ध्यांचा दगड ढकलून तिथेच बसला. घरात तिचे दोन दगड, दोन गुण! एका गुणाने सामना तिचा. एबने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. जोलीन धावत आली ती चषकाकडे नाही, कठड्याकडे.

"मावशी! बघितलंत?"

"नाही गं," एर्ना म्हणाली, "पण ऐकलं." आणि दोघी रडत रडत हसल्या.

पुरुषांत स्ट्रँड हरला. बक्षीस समारंभात प्रायोजक, टीव्ही, नगराध्यक्ष, सगळ्यांचे आभार मानून झाले. एर्नाचं नाव राहिलं. स्ट्रँडच्याच ते लक्षात आलं. त्याने आपला झाडू बर्फावर टकटक वाजवला. मग जोलीनने, मग सगळ्या संघांनी. कोणासाठी ते नगराध्यक्षांना कळेना. गावाला कळलं.

सोमवारी पहाटे आइस हॉकीसाठी बर्फ मोकळा करायचा होता. लॉर्नने यंत्र चालवलं. पात्याखाली बर्फात रंगवलेली वर्तुळं खरवडली गेली आणि लाल-निळा भुगा स्टेडियमच्या मागे पांढऱ्या बर्फावर ओतला गेला. साडेसातला एर्ना शाळेत हजर होती. दारातून येणाऱ्या बुटांचं पाणी तिने पुसून काढलं, बादली बदलली, पुन्हा पुसलं. कॉरिडॉरच्या खिडकीतून स्टेडियममागचा तो लाल-निळा ढीग दिसायचा. जाता-येता ती जरा थांबायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो न वितळता टिकला.