त्याला मी मोजत नाही

स्टॉपवॉचची दोरी मूळची नव्हती. बुटाची काळी नाडी होती ती, एका टोकाचं प्लॅस्टिक गेलेलं, आणि त्या उसवलेल्या टोकाला बाबा बोटांनी पीळ देत बसले होते – पुन्हा पुन्हा, कुठेही ओवायची नसताना. ती चहाच्या कपाआडून पाहत होती. आता विचारतील, असं तिला वाटलं, आणि कप तोंडाला लावूनही तिने घोट घेतला नाही.

बुधवारची सकाळ होती. साडेनऊला तिला छापखान्यात पोचायचं होतं, भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायची होती, आणि रेडिओवर डावऱ्याच्या निवृत्तीची बातमी चौथ्यांदा सांगून झाली होती. डावऱ्याचं खरं नाव आता त्याच्या आईखेरीज कुणी घेत नसेल. डाव्या हाताच्या ठोशाने बारा वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस, त्याला दुसरं नाव हवंच कशाला. बातमीनंतर लोकांचे फोन सुरू झाले होते. एक म्हणत होता, आजवरच्या सगळ्या मुष्टियोद्ध्यांत हा पहिला. दुसरा म्हणे, पहिला कसला, त्याच्या काळात समोर उभं राहायला होतंच कोण? तिसरा त्याला चौथा धरायला तयार होता, पण वरचे तिघे कोण ते त्याला सांगता येईना, आणि निवेदक हसत होता.

मग घरातला फोन वाजला. पंचकाका. ते इतक्या मोठ्याने बोलायचे, की फोन बाबांच्या कानाला असला तरी ऐकायला सगळं घर.

“काय ठोकेमास्तर, ऐकलंस ना? तुझ्या यादीत कितवा आता?”

“त्याला मी मोजत नाही.”

“अरे, आता तरी सोड की. बिचारा रिटायर झाला.”

“म्हणून काय झालं?”

“एवढा कसला रे ताठा? तुझ्यासमोर लहानाचा मोठा झाला पोरगा.”

बाबांनी फोन ठेवला. सव्वीस वर्षं हेच वाक्य. मुष्टियुद्धाच्या संघटनेत बाबा वेळाधिकारी होते. फेरीची घंटा त्यांची, आणि कुणी पडला की सेकंदासेकंदाला लाकडी फळीवर हातोडीचा ठोका देणंही त्यांचंच, म्हणून ठोकेमास्तर. त्या ठोक्यांवर पंच आकडे म्हणायचा. दहापर्यंत उठला तर लढत पुढे, नाहीतर संपली. इतका मोजण्यातला माणूस, आणि ज्याला जग डोक्यावर घेऊन नाचतं त्याला मोजत नाही म्हणतो – लोकांना गंमत वाटायची. शिष्टपणा आहे झालं, असं म्हणून सोडून द्यायचे. ती कधी हसली नव्हती. ते वाक्य आलं, की ती उठून काहीतरी आवरायला लागायची.

सव्वीस वर्षांपूर्वी ती बारा वर्षांची होती. दुसरं घड्याळ तिच्याकडे असायचं – एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून – आणि बाबांनी शिकवून ठेवलं होतं, गुडघा टेकला की दाब, उठला की दाब. एकोणीस वर्षांचा डावरा निवड-लढतीत तिसऱ्या फेरीत पडला, असा पडला की पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले, आणि तिने दाबलं. ठोके सुरू झाले. पंचकाका वाकून म्हणत होते, एक, दोन, तीन… सहा. आणि मग जिन्याची पायरी चुकावी तसं झालं. सहाच्या पुढचा ठोका येईना. बाबांचा हात वर होता, हातोडी हातात होती, आणि हात खाली येत नव्हता. आला. सात. पुन्हा थांबला. आठ. नऊला डावरा उभा होता. ती लढत तो जिंकला, आणि पुढचं सगळं त्या जिंकण्यातून निघालं.

तो उठताच तिने पुन्हा दाबलं होतं. काटा अकरा सेकंदांच्या पुढे होता. थोडासाच… पण पुढे. आणि तिने काय केलं, तर घड्याळ शून्यावर आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. मान वर केली तेव्हा बाबा घड्याळाकडे नाही, तिच्याकडे पाहत होते.

“अगं,” बुधवारी बाबा म्हणाले. नाडीचा पीळ सोडला त्यांनी. “त्या दिवशी तुझ्या घड्याळात किती झाले होते?”

कुठल्या दिवशी, असंही तिने विचारलं नाही. आणि तेच चुकलं, हे पुढे तिच्या लक्षात आलं. नीट खोटं बोलायचं तर तेवढं तरी विचारायला हवं होतं.

“आठवत नाही, बाबा.”

“बरं.”

“इतकी वर्षं झाली.”

“हो, ते आहेच,” ते म्हणाले. “हात कधी कधी ऐकत नाही माणसाचं.” मग घड्याळ खिशात टाकून उठले. “जाताना दिवा घालव बाथरूममधला, तू नेहमी विसरतेस.”

ती विसरली नाही. दिवा घालवला, दार ओढून घेतलं, जिन्यावरून हाक मारली, येते हो. दुपारी शेजारणीचा फोन आला तेव्हा तिच्या पेन्सिलीखाली एका नदीचं नाव चुकलेलं होतं, आणि ते तसंच राहिलं.

आता तीन आठवडे झाले. लोक येतात, बसतात, काही त्रास झाला नाही बाबांना, दुपारच्या झोपेतच गेले, सुटले, असं म्हणतात. आणि ती मान हलवताना मनात हिशेब मांडत असते – लहान मुलीचा अंगठा तो, सुरू करायला उशीर झाला असेल तर अकरापेक्षा जास्तच होते, थांबवायला उशीर झाला असेल तर कमी. दहासुद्धा असतील. साडेनऊसुद्धा. मग ते सव्वीस वर्षं उगाचच… मग तिने सांगायला हवं होतं. आणि अकराच असतील तर सांगून काय मिळालं असतं त्यांना? म्हाताऱ्या माणसाला मुलीच्या तोंडून ऐकायचं असतं का, की तुम्ही चुकलात, मी पाहिलं? काय ऐकायचं होतं त्यांना?

आज पंचकाका आले ते हातात कागद घेऊन.

“संघटनेने जुन्या लोकांकडून मतं मागवली होती. आजवरचे दहा सर्वश्रेष्ठ. सगळ्यांचे कागद आले. तुझ्या बाबाचा बघ, डावऱ्याने ग्लोव्ह्ज ठेवले त्याच दिवशी टाकलाय पोस्टात. बुधवारी.” त्यांनी चष्मा पुसला. “आयुष्यभर मोजला नाही, आणि शेवटी मोजला तो असा.”

दहा आकडे छापलेले, दहा ओळी. दहा नावं, बाबांच्या ताठ अक्षरात. खाली पट्टी लावून आखलेली आणखी एक ओळ, तिच्यापुढे हाताने लिहिलेला आकडा, आणि नाव.

११. डावरा.

“दहाच्या यादीत अकरावा!” काका हसले. “माझ्या तोंडून लाखो आकडे म्हणवून घेतले याने, आणि स्वतःला दहापर्यंत मोजता येईना? विशेषांकात छापायचंय. तूच दुरुस्त कर. दहाव्याला काढ आणि याला घाल तिथे, कुणाला कळतंय. चुका काढणं तुझंच काम ना?”

ते दाराशी जाऊन स्टुलावर बसले आणि बूट ओढू लागले.

तिने पेन्सिल घेतली होती. ओळ नीट आखलेली होती, दोन्ही टोकांना छापील ओळींइतकीच. हात थरथरलेला नव्हता. त्यांना माहीत होतं. आकडा कळावा म्हणून त्यांनी विचारलंच नव्हतं… तिने म्हणावा, एवढ्यासाठी विचारलं होतं. म्हणजे तो दोघांचा झाला असता. आणि बरं म्हणून ते उठले, आणि पट्टी शोधली असेल त्यांनी, टेबलावर, ती जिना उतरत असताना.

“अकरा,” ती म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. दाराशी नाडीची गाठ मारणारा हात थांबला. सव्वीस वर्षांपूर्वी नऊ म्हणालेला माणूस तिच्याकडे पाहत होता, आणि छातीत काहीतरी ठोके देत होतं, पण उठून काही आवरायला जावंसं तिला वाटेना.

“काय म्हणालीस?”

“अकरा झाले होते, बाबा,” ती म्हणाली, कागदाकडे पाहत. “मला आठवतंय.”