एकाच बरणीतले दोघे

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. गोष्ट १९५२ सालची, डोंबिवलीची. काठाचा टवका उडाला म्हणून लोणच्यातून सुटले आणि सुमतीच्या हाती आले. सुमती तेरा वर्षांची, आईविना वाढलेली. घर कलावतीकाकू सांभाळत.

श्रावणात सुमतीने माझ्यात दोन डहाळ्या ठेवल्या. एकीवर लिंबावरच्या अळीचा हिरवा कोश. दुसरीवर अंड्याएवढा टणक, रेशमी कोश. तो तिच्या बाबांनी कोलशेतजवळच्या ऐनाच्या झाडावरून आणला होता. माझ्या तोंडाला तिने फडक्याचा दादरा बांधला.

आधी फुलपाखरू निघाले. काळेभोर, मागे दोन शेपट्या. माझ्यात त्याचे पंख ऐसपैस सुकले. सुमतीने दादरा सोडला, तसे ते जास्वंदीवरचा मध चाखून उडून गेले.

"सुमे, त्या दुसऱ्या कोशातल्या पतंगाचं तसं नाही हं," बाबा म्हणाले. "त्याला खायला तोंडच नसतं. चार दिवसांचा पाहुणा. आणि पंख वीतभर, बरणीत मावायचे नाहीत. निघाला की लगेच डहाळी बाहेर काढ."

"डोळ्यांत तेल घालून बसेन, बाबा!"

आणि नेमका तिला कावळा शिवला. कशाला हात लावायचा नाही, कोपऱ्यात बसायचे. दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला पतंग बाहेर आला. तांबूस, केसाळ, पिसांसारख्या मिशांचा.

"काकू, दादरा सोडा ना! डहाळी बाहेर घ्या!"

"मी सोवळ्यात आहे. किड्याला शिवू?"

"मग मी उठते."

"खबरदार! सगळं घर बाटवशील. एवढा कोण लागून गेलाय तो, जावई?"

सुमती पुन्हा खाली बसली. काकूंचे सोवळे रेशमाचे होते, असल्याच किड्यांच्या कोशांचे. पतंगाचे ओले पंख माझ्या काचेला दाबले गेले आणि तसेच मुडपून वाळले. बाबा कचेरीतून आले, त्यांनी दादरा सोडला. पण तोवर उशीर झाला होता.

"आता ते उलगडायचे नाहीत, पोरी."

पतंग खिडकीत सरपटत राहिला आणि एकदाही न उडता मेला. सुमती कोपऱ्यातून बघत होती. तिने त्याला हातसुद्धा लावला नाही.

काकू पुढे त्याच सोवळ्यात पूजा करत म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. बाबाही गेले. सुमती लग्न होऊन शहाडला गेली. तिने पुन्हा कधी कोश घरात आणला नाही. मी माळ्यावर आहे, रिकामी.

मित्रांनो, कुणाला जपायला घ्याल तर त्याच्या पंखांचे माप आधी बघा. आणि दार उघडायची वेळ आली, की कुणी शिवायचे, कुणी नाही, हे विचारत बसू नका. ओले पंख तेवढे थांबत नाहीत.