बटणांचा डाव

“पत्त्यांची शिकवणी? आणि तीही पैसे मोजून?” लेकीनं हातातली पिशवी कपड्यांच्या ढिगावर आदळली. “आई, कुणाला कळलं तर काय म्हणतील?”

“म्हणू देत. लोकांच्या पँटी आखूड करून मिळवलेत मी ते पैसे, चोरीचे नाहीत.”

आईनं कोटाच्या अस्तराला टाचणी टोचली आणि मान वर न करता पुढची उचलली. दुकान म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीची एक खोली. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीलगत बटणांचे डबे. मागचं दार उघडलं की घर. नवे कपडे ती शिवत नसे. कुणाची बाही लांब, कुणाची कंबर सुटलेली, कुणाची चेन अडकलेली, ते सगळं तिच्याकडे यायचं. गल्लीत तिला दुरुस्तीवाली म्हणत.

“अगं, पण तू तर दर शनिवारी जिंकतेस,” लेक म्हणाली. “मला फोन करकरून सांगतेस. जिंकणाऱ्याला शिकवणी कशाला?”

दुरुस्तीवालीचा हात थांबला. “जिंकते खरी. पण कशानं जिंकते ते कळत नाही. बाही नीट बसली तर का बसली ते मी सांगू शकते. हे नाही सांगता येत.”

“धन्य आहे तुझी!” लेक म्हणाली. पण शिकवणी संगणकावरून होणार होती, त्यासाठी कॅमेरा कसा लावायचा ते मात्र तिनंच दाखवून दिलं.

दुरुस्तीवालीचा नवरा मीटर वाचायला घरोघर फिरायचा. शनिवारी संध्याकाळी त्याचे तीन मित्र यायचे: कोपऱ्यावरचा केमिस्ट, गणिताचे निवृत्त मास्तर आणि वायरमन. पोकर चालायचा: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे सामाईक पाच, आणि पैशांऐवजी तिच्या डब्यातली बटणं लावून. ती आत चहा टाकायची. इतक्या वर्षांत तिला कुणी बस म्हटलं नाही आणि तीही कधी बसली नाही. पण डाव कुणाचा झाला ते तिला आवाजावरून कळायचं. नवरा हरला की केमिस्ट टेबलावर थाप मारून ओरडायचा, “गेलास रे, बाराच्या भावात गेलास!” आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो नवराच.

गेल्या वर्षी तो गेला. बसल्या जागी, ध्यानीमनी नसताना. पुढचे काही शनिवार कुणी फिरकलं नाही. मग एका संध्याकाळी तिघं दारात उभे राहिले, चेहरे पडलेले. आत येऊन आपापल्या खुर्चीत बसले आणि चौथ्या खुर्चीकडे कुणी बघेना. तेव्हा तीच म्हणाली, “भाऊजी, मला शिकवा.” आणि बसली.

तेव्हापासून ती जिंकत होती. ज्या खुर्चीत नवरा आयुष्यभर हरला, तिथे ती जिंकत होती! जन्मभर दुसऱ्यांनी शिवलेलं दुरुस्त केलं, पण हे कोऱ्या कापडातून तिचं स्वतःचं निघालं, असं तिला वाटायचं. मनातल्या मनात ती फार सुखावायची.

शिकवणारी बाई तिच्या लेकीएवढीच होती. मांडीवर मूल, केस कसेतरी बांधलेले. पहिल्या धड्यात तिनं कुठले पत्ते धरायचे आणि कुठले टाकायचे ते शिकवलं. दुसऱ्यात कुणी किती लावलं तर त्याच्याकडे काय असेल, याचा अंदाज. तिसऱ्या धड्याला ती म्हणाली, “काकू, तुमचा एखादा खरा डाव सांगा. आठवेल तसा.”

न आठवायला काय झालं? दुरुस्तीवालीनं खुशीत सुरुवात केली. “माझ्याकडे नव्व्यांची जोडी. मधे एक राणी, बाकी बारीकसारीक. वायरमन भाऊजी सारखी बटणं वाढवत होते. शेवटी मी दहा बटणं सरकवली, तर त्यांनी पत्ते टाकून डाव सोडला! नंतर मी पत्ते गोळा केले, तर त्यांच्या हातात दोन राण्या. म्हणजे मधली धरून तीन. त्यांचं डोकं तसं कच्चंच आहे म्हणा.”

बाई हसली नाही. “आणखी एक सांगा.”

तिनं मास्तरांचा सांगितला. मग केमिस्टचा. सांगता सांगता तिचाच आवाज उतरत गेला. बाहीत कुठेतरी कापड ओढलं जातंय हे हाताला कळावं, तसं तिला कळायला लागलं होतं.

“काकू, राग मानू नका,” बाई मुलाला थोपटत म्हणाली. “ही माणसं खेळत नाहीयेत. तुम्हाला जिंकू देताहेत.”

दुरुस्तीवालीनं गळ्यातली मोजपट्टी काढून गुंडाळायला घेतली.

“मी फी घेते म्हणून सांगितलं. शेजारी राहत असते तर मीही गप्प बसले असते.”

तो आठवडा तिचा काही खरा नव्हता. एका गिऱ्हाइकाची पँट तिनं नको तितकी आखूड करून ठेवली. असं कधी झालं नव्हतं. एवढा राग तिला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. तेव्हा नुसतं रडू आलं होतं. आता लाज वाटत होती. वर्षभर आपण फुशारक्या मारत होतो आणि हे तिघं चहा पिता पिता आपली कीव करत होते! शनिवारी दारच उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण संध्याकाळी कडी वाजली आणि सवयीनं हात कडीकडे गेलाच.

पहिले दोन डाव ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत खेळली. तिसऱ्या डावाला तिच्या हातात सत्ती आणि दुर्री आली, दोन वेगळ्या रंगांची. याहून भिकार हात नाही, हे तिला पहिल्याच धड्यात कळलं होतं. तिनं समोरची सगळी बटणं दोन्ही हातांनी मधे लोटली.

“अरे बापरे,” केमिस्ट म्हणाला. “वहिनींकडे काहीतरी दांडगं आहे. आपण नाही बुवा.” त्यानं पत्ते टाकले. मास्तरांनी टाकले. वायरमननं मान खाजवली आणि त्यानंही टाकले.

तिनं आपले पत्ते उलटे केले. मग हात लांब करून केमिस्टचे उलटे केले. दोन एक्के.

“एक्क्यांची जोडी टाकलीत, भाऊजी? माझ्या सत्ती-दुर्रीपुढे?”

मास्तर चष्मा पुसू लागले.

“मी काय लहान मूल आहे? मी बिचारी आहे म्हणून येता होय तुम्ही दर शनिवारी?”

“तुमच्यासाठी नाही, वहिनी,” वायरमन खाली बघत म्हणाला. तो एरवी फारसा बोलत नसे. “तुम्ही हरलात, कंटाळलात आणि एक दिवस दार लावून घेतलंत, तर आम्ही जायचं कुठे? मास्तरांच्या घरी कोण आहे? माझ्या घरी कोण आहे? तो गेला, तर गेला. हा शनिवारही गेला तर...”

तिचा राग होता तिथेच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते तिला कळेना. तिनं पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. पिसता पिसता डोळे पुसले, ते कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

“आता असं करायचं,” ती म्हणाली. “ज्याला दार उघडं हवंय त्यानं नीट खेळायचं. पुन्हा एक्के टाकलेले दिसले तर चहा बंद.”

मग खरा खेळ सुरू झाला आणि ती हरायला लागली. मास्तरांनी हातात काही नसताना दोनदा थाप मारली, ती तिला ओळखता आली नाही. वायरमननं मुकाट्यानं तिचा मोत्याच्या बटणांचा ढीग नेला. चहा निवून गेला. शेवटी तिच्याकडे राजांची जोडी आली आणि तिनं उरलंसुरलं सगळं पुढे केलं. केमिस्टनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि एक्का-गुलाम उघडे करून ठेवले टेबलावर. मधे एक एक्का होता आणि एक गुलामही होता, म्हणजे त्याच्या दोन जोड्या.

“गेलात, वहिनी! बाराच्या भावात गेलात!” तो टेबलावर थाप मारून ओरडला. दुसऱ्या थापेला उचललेला हात हवेतच राहिला.

मग ती हसली, चांगली मोठ्यानं, पोट धरून.

“बसा,” ती म्हणाली आणि दुकानाच्या खोलीतून बटणांचा दुसरा डबा घेऊन आली. डबा टेबलावर ठेवायच्या आधी तिनं फोन उचलला आणि शिकवणाऱ्या बाईला निरोप टाकला: “पुढचा धडा चुकवू नका. आता गरज लागणार आहे.”

मग तिनं नवऱ्याची खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पत्ते वाटायला घेतले.