भाडेकऱ्याचं कपाट

धोंडबाने कपाटात डोकं घातलं ते बाहेर काढायचं नावच घेईना. मागे लेक आणि घरमालक त्याच्या निकालाची वाट बघत उभे होते, आणि इथे नाकासमोर, आतल्या कडेला, शिसपेन्सिलीने जोडणीची खूण लिहिलेली होती: डावं. अक्षर वाकडंतिकडं, अनुस्वार बोराएवढा. चौथीत शाळा सोडलेल्या धोंडबाचंच अक्षर ते.

"बाबा, दिसलं का काही?" मयुराने विचारलं.

"पाहून राहिलो, माय."

मयुरा एका दवाखान्यात नर्स होती. मनीषनगरातला हा फ्लॅट तिने सामानासकट भाड्याने घेतला होता. पलंग, कपाट, टेबल, सगळं मालकाचं. मागच्या आठवड्यात कपडे काढायला गेली, तर कपाटाचा पल्ला बिजागरीसकट उखडून अंगावर आला आणि तिचं मनगट मोडलं. आता हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. वर घरमालक महादेवराव म्हणत होते, कपाट तुम्ही तोडलं, तुम्हीच नीट करून द्या, नाहीतर दुसरं घर पाहा. मयुरा ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. भाडं सामानाचंही घेता, मग सामान वापरण्यासारखं देणं तुमचं काम, असं तिने तोंडावर सुनावलं. माझे बाबा धोंडबा लकडगंजातले जुने मिस्त्री आहेत, तेच येऊन सांगतील दोष कोणाचा, हेही ठणकावलं.

लेकीने साक्षीला बोलावलंय, याचा धोंडबाला कोण आनंद! इस्त्रीचा सदरा घालून आला होता बिचारा.

अर्धी उमर त्याने लकडगंजाच्या लाकूडबाजारात सागवानावर रंधा मारला होता. पुढे सागवान परवडणारी गिऱ्हाइकं आटली आणि एका ठेकेदाराने त्याला नव्या इमारतींच्या कामावर घेतलं. तिथे भुशाचे बोर्ड. स्क्रू पिळला की पावात शिरल्यासारखा आत जायचा. "हे टिकन नाई," धोंडबा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. ठेकेदार हसला. "टिकवाचं कोणाले आहे गा? भाडेकऱ्यासाठी तर आहे!" मग धोंडबाही हसला होता. पुढे इतक्या इमारतींत इतकी कपाटं ठोकली की ही इमारत त्याला ओळखूही आली नाही. त्याच मजुरीवर मयुराचं नर्सिंग पुरं झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्याने शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

"बोला मिस्त्री," महादेवराव म्हणाले. "लेकीच्या बाजूनं नका बोलू. खरं बोला."

धोंडबाने डोकं बाहेर काढलं. "माल पहिलेपासून कच्चा आहे, साहेब. पोरीची चूक नाई."

मयुराने मालकाकडे असं पाहिलं, की आता बोला!

"थांबा, ज्यानं केलं त्यालेच विचारतो." महादेवरावांनी ठेकेदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"काय बोलता साहेब!" ठेकेदाराचा आवाज खोलीभर घुमला. "तुमच्या बिल्डिंगचं सारं काम आपल्या धोंडबा मिस्त्रीनं केलं. लकडगंजचा जुना माणूस. त्याच्या हातचं कच्चं निघूच शकत नाई!"

महादेवराव तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच फोन बंद केला. "मग भांडण कायचं? घरचाच मिस्त्री आहे. द्या करून नीट," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

मयुरा पलंगाच्या काठावर बसली. "तुम्ही आत डोकं घातलं तवाच तुमाले समजलं होतं नं, बाबा?"

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली, माय. तवा मले वाटलं होतं, भाडेकऱ्यासाठी आहे."

"मंग मी कोण आहो, बाबा?"

धोंडबाने निखळलेला पल्ला भिंतीला टेकवून ठेवला. पिशवी उचलून तो घरी गेला.

रविवारी तो परत आला तेव्हा खांद्यावर सागवानाची फळी होती. मयुराचं स्वतःचं घर होईल तेव्हा तिच्या दाराची चौकट करायची, म्हणून ती त्याने आपल्या खाटेखाली कितीतरी वर्षं जपली होती. मयुराने दार उघडलं, पाण्याचा पेला ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मालकाच्या कपाटाच्या मापाने धोंडबाने फळी चिरली आणि बिजागरीमागच्या बोर्डाच्या जागी बसवायला घेतली.

ठोकाठोक ऐकून शेजारच्या सिंधूताई डोकावल्या. लाकडावरून हात फिरवून म्हणाल्या, "वं मयुरा, सागवान दिसते! हात बी बेस आहे याचा. माह्या घरचंबी कपाट हालून राहिलं. मिस्त्री वळखीचा आहे का तुह्या?"

धोंडबाच्या ओठांत खिळे होते. त्याने मयुराकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"नाई काकू," ती म्हणाली. "घरमालकानं पाठवला."

सिंधूताई गेल्या. पोरगी खोटं बोलली, असंही धोंडबाला म्हणता येईना. त्याने ओठांतला एक खिळा काढला, फळीवर धरला आणि हातोडी उचलली. पल्ला सरळ बसेपर्यंत त्याने मान वर केली नाही.