भट्टीत वाढलेला टोमॅटो

मी टोमॅटो बोलतोय. फळ नव्हे हो, अख्खं झाड! पानं पिवळी पडलीत, कंबर सुतळीनं काठीला बांधलीय. पण बोलायची खुमखुमी काही जात नाही.

माझी आजी गोड, गुबगुबीत आणि नाजूक. जरा ऊन वाढलं की तिची फुलं गळायची. आजोबा रानटी, दगडधोंड्यांत वाढलेले. फळं वाटाण्याएवढी नि आंबटढाण, पण उन्हाला भीक घालायचे नाहीत. हे लग्न जुळवलं ताईंनी. ताई म्हणजे संशोधन केंद्रात भाज्यांचे नवे वाण तयार करणाऱ्या बाई. उन्हाळे चढतच चाललेत. तेव्हा आजीची चव आणि आजोबांचा चिवटपणा एकाच झाडात यावा, हा त्यांचा हट्ट.

आम्ही नातवंडं वाढलो तापवलेल्या काचघरात. भट्टीच ती! एकेक भावंड फुलायचं आणि फुलं टपाटप खाली. ताई ती उचलायच्या, चष्मा पुसायच्या. माझाही पहिला घोस गेला. दुसरा मात्र मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवला. एका सकाळी ताई वाकल्या आणि ओरडल्याच, "अगं बाई! फळ धरलं की!"

फळ पिकलं. केंद्राचे मोठे साहेब आले, त्यांनी ते चावून पाहिलं, आणि एक डोळा मिटूनच बसले.

"अहो, हा टोमॅटो आहे की शिक्षा? उपटा सगळं. काकडीवाले जागेसाठी कधीचे ताटकळलेत."

माझी पाचावर धारण बसली.

"चव आणता येईल, साहेब," ताई म्हणाल्या. "पण हा तग कुठून आणू? एवढं एक झाड राहू द्या. माझ्या खिडकीत ठेवते."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर ह्याची फळं मी खाईन. रोज. तुमच्यासमोर बसून."

साहेबांना हसू फुटलं. माणूस हसला की निम्मा विरघळतो, हे मला तेव्हा कळलं.

मग ताईंनी माझे पराग बारीक ब्रशनं उचलून आजीच्या माहेरच्या गोड झाडांवर ठेवले. पोरं झाली. काहींनी उन्हात हाय खाल्ली, काही थेट आजोबांवर गेली. पण मोजकी गोडही निघाली आणि चिवटही! त्यांचं बी वाढवून एका शेतकरीणबाईंकडे गेलं.

भर उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. ताई मला पाणी घालत होत्या.

"ताई, शेजारच्या टोमॅटोंच्या फुलांचा नुसता सडा पडलाय, आणि तुमची झाडं लगडलीत बघा! आमचे सासरे बांधावरच खात बसलेत. जेवायला बोलावलं तरी उठेनात!"

ताई हसत होत्या नि रडत होत्या. कुंडी भरून पाणी टेबलाखाली गेलं, त्याचंही भान नव्हतं त्यांना.

आता माझी जागा नव्या रोपाला हवीय. त्याला आणखी कडक ऊन सोसायचंय म्हणे. उपटा मला खुशाल. फक्त मुळांची माती तेवढी कुंडीतच झटका. तिच्यात अजून दम आहे, पोराला उपयोगी पडेल.